भोपाळचा कचरा जळाला, माती मात्र तिथेच

माळवेकर | १० ऑगस्ट २०२५

जूनच्या शेवटी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या भट्टीत युनियन कार्बाइडच्या कचऱ्याची शेवटची खेप गेली आणि सगळीकडे एकच मथळा झळकला: भोपाळचा विषारी कचरा अखेर नष्ट. आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस पडला. चाळीस वर्षांचं भिजत घोंगडं वाळलं म्हणे.

मला यात एक गोष्ट खटकते आहे, म्हणून हा धागा.

जाळला गेला तो कचरा ३३७ टन. तो आला कुठून? २००५ साली कारखान्याच्या आवारात इकडेतिकडे पडलेली पोती, पिंपं, अर्धवट बनलेलं कीटकनाशक, रिअॅक्टरमधला गाळ हे सगळं गोळा करून एका शेडमध्ये कोंबलं होतं. वीस वर्षं ते तिथंच होतं. मध्य प्रदेश प्रदूषण मंडळाने दिलेला हिशोब असा: १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन (तिथे बनणारं कीटकनाशक) आणि नॅफ्थॉलचे (त्याचा कच्चा माल) अवशेष, ५४ टन अर्धवट कीटकनाशक, २९ टन रिअॅक्टरचा गाळ. म्हणजे 'कचरा' म्हणून जे गेलं त्यात निम्मी तर मातीच होती, शेडमध्ये झाडून भरलेली.

आता दुसरा आकडा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० मध्ये अहवाल दिला. त्यात त्या आवारातली उपचार करावे लागतील अशी दूषित माती ११ लाख टन आहे असं म्हटलंय. ११ लाख टनांपुढे ३३७ टन म्हणजे किती ते ज्याचं त्याने कॅल्क्युलेटरवर बघावं. मी बघितलं, टक्क्यांत शून्य पूर्णांकानंतर आणखी एक शून्य येतं आणि मग ३.

गॅस गळती हा एक गुन्हा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचा. त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. पण कारखाना १९६९ पासून चालू होता आणि त्याचा घाण माल आवारातच खड्ड्यांत पुरला जात होता, हा दुसरा गुन्हा. गॅस कधीच फुटला नसता तरी हा दुसरा झालाच असता. १९७७ मध्ये आवाराच्या उत्तरेला, रेल्वे रुळांपलीकडे, सांडपाणी उन्हात आटवायची तळी बांधली. खाली प्लास्टिकचा कागद. ती तळी गळतायत हे कंपनीच्याच अंतर्गत टेलेक्स संदेशांमध्ये १९८२ साली नोंदलेलं आहे, हे कागद पुढे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले. १९८९ मध्ये कंपनीने आवारातल्या खड्ड्यांमधले नमुने तपासले, त्या पाण्यात मासे सोडले. सगळे मेले. शंभर टक्के. हा निकालही कंपनीच्या फायलीतच राहिला.

तर प्रश्न असा की मातीचं काय? जाणकारांनी लिहावं. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे.

तिरकस | १० ऑगस्ट २०२५

मातीचं काय? माती आपोआप मातीला मिळेल. सरकार दरबारी हीच पद्धत.

रेवाकाठ | १० ऑगस्ट २०२५

धागा वाचून राहवलं नाही. वडील भेलमध्ये होते, त्यामुळे माझं सगळं लहानपण भोपाळमधलं. भेलची वसाहत शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमचा आणि कारखाना होता त्या काली परेड भागाचा संबंध एरवी आला नसता. पण आमच्याकडे काम करणाऱ्या सरूबाई लग्न करून रुळांपलीकडच्या वस्तीत गेल्या आणि आई त्यांच्याकडे अधूनमधून जायची, मला घेऊन.

तिथले हातपंप लाल रंगाने रंगवलेले होते. वर काळ्या अक्षरांत 'पानी पीने योग्य नहीं है'. आणि पंपाखाली घागरी रांगेत. कारण टँकर दोन दिवसांआड यायचा आणि आला तरी गल्लीच्या तोंडाशीच उभा राहायचा. सरूबाई म्हणायच्या, 'पिण्याचं टँकरचं, बाकी सगळं याच पाण्यात'. त्या पाण्याला एक वास होता. फिनेलसारखा नाही, गोडसर. भात शिजताना जास्त जाणवायचा. त्यांच्या सासूबाई मात्र म्हणायच्या की त्यांना काही वास येत नाही.

तळ्यांच्या जागी मुलं क्रिकेट खेळायची. पावसाळ्यात म्हशी बसायच्या. काठावरच्या मातीतून काळ्या प्लास्टिकची फाटकी टोकं वर आलेली असायची, आम्ही ती ओढून बघायचो किती लांब येतात ते. ते तळ्याचं अस्तर आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये या वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायला सांगितलं. नळ पोचायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली. पुढे लखनौच्या आयआयटीआर या विषशास्त्र संस्थेने तपासणी केली, तेव्हा बावीस वस्त्यांचं भूजल खराब निघालं.

माळवेकर | १० ऑगस्ट २०२५

रेवाकाठ, ते अस्तराचं वाचून काटा आला. आता सरूबाई कुठे असतात?

रेवाकाठ | ११ ऑगस्ट २०२५

तिथेच. जाणार कुठे?

संत्रानगरी | ११ ऑगस्ट २०२५

नागपूरकर म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, हा कचरा आमच्याकडेही येणार होता. २०११ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत तो जाळायला सांगितलं होतं. इथं बोंबाबोंब झाली, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, महाराष्ट्राने हात वर केले. त्याआधी गुजरातने अंकलेश्वरसाठी आधी हो आणि मग नाही म्हटलं होतं. २०१२ मध्ये विमानाने जर्मनीला न्यायचं ठरत होतं, पंचवीस कोटींत. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि जर्मन संस्थेने माघार घेतली. सगळ्यांनी नको म्हटलेली पोरगी शेवटी पीथमपूरच्या गळ्यात. तेव्हा आम्ही ओरडलो ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं, पण मग पीथमपूरवाले ओरडले तेव्हा आपण 'अफवांना बळी पडू नका' म्हणत होतो, हेही खरं.

दोन, नीरीचं नाव काढलंत म्हणून. २०१० चा ११ लाख टनांचा आकडा नीरीचाच, पण १९९० च्या दशकातले नीरीचे अहवाल बरेच सौम्य होते आणि कंपनीने त्यांचा ढालीसारखा वापर केला. १९९९ मध्ये ग्रीनपीसने विहिरींत कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि आवारात पारा दाखवला तेव्हा चित्र पालटलं. आमच्या गावची संस्था आहे, अभिमान आहे, म्हणून हेही सांगितलं पाहिजे.

राऊ पीथमपूर | ११ ऑगस्ट २०२५

भिया, मी इथंच सेक्टरमध्ये नोकरीला आहे. धाग्यात सगळे भोपाळबद्दल बोलतायत, आमची तर कुणाला पडलीच नाहीये.

१ जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर निघाले, पहाटे इथे. ३ तारखेला बंद होता, दोन जणांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतलं, भाजले दोघेही. आमच्या कंपनीला त्या दिवशी सुट्टी दिली नव्हती, पण बसच आली नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या. पहिली ताशी १३५ किलो, मग १८०, मग २७०. सर्वोच्च न्यायालयाने थांबवायला नकार दिला. मग मेपासून उरलेला ३०७ टन.

आता हिशोब ऐका. ३३७ टन जाळलं आणि राख किती झाली? आठशे टनांहून जास्त! कारण जाळताना चुना वगैरे मिसळतात, धूर धुतात, त्याचा सगळा अवशेष. ती राख आता इथंच लँडफिलमध्ये (कचरा पुरायच्या जागेत) जाणार. तारपुरा गाव त्या आवाराच्या भिंतीला लागून आहे. म्हणजे भोपाळचं ३३७ गेलं आणि आमच्याकडे आठशे आलं. १२६ कोटी खर्चून.

इंदूरवाल्यांनी पण खुश होऊ नका. यशवंत सागर आमच्याच खालच्या अंगाला आहे. होळकरांनी बांधलेलं धरण, निम्म्या पश्चिम इंदूरला पाणी तिथून जातं.

तिरकस | ११ ऑगस्ट २०२५

जाळल्याने अडीचपट होणारी वस्तू पहिल्यांदाच ऐकली. एफडीपेक्षा बरं.

भूजलवाला | १२ ऑगस्ट २०२५

धागा उशिरा दिसला. दूषित जागांच्या तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत, भोपाळच्या कामात नव्हतो. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

राऊ, आठशे टनांच्या राखेवर तुमचा राग योग्य आहे, पण जाळण्यामागचा विचार समजून घ्या. कीटकनाशकाचा रेणू हजार-अकराशे अंशांवर तुटतो, तो परत जुळत नाही. राखेत उरतात धातू. पारा, शिसं, निकेल हे कितीही तापवा, नाहीसे होत नाहीत. पारा तर धुरात जातो आणि धूर धुणाऱ्या यंत्रणेत पकडावा लागतो. म्हणून ती राख साधी राख म्हणून टाकायची नसते, खाली-वर अस्तर असलेल्या, झिरपा गोळा करणाऱ्या लँडफिलमध्ये ठेवायची. तिथे बंद केल्यानंतर तीस वर्षं देखरेख करायची असं आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यामुळे 'जळून गेलं' यापेक्षा तुम्ही विचारायला हवं ते असं: तारपुऱ्याच्या बाजूला निरीक्षण विहिरी किती, त्यांचे निकाल दर सहा महिन्यांनी कुठे लागतात, आणि लँडफिल बांधण्याआधीचे निकाल कुणाकडे आहेत. शेवटचं फार महत्त्वाचं. आधीचं पाणी कसं होतं हे माहीत नसेल तर पुढे काहीही निघालं तरी 'हे आधीपासूनच होतं' असं उत्तर मिळतं.

आता माती. लोकांना वाटतं माती साफ करणं म्हणजे वरची घाण खरवडून ट्रकमध्ये भरणं. काही विषांसाठी ते खरंही आहे. पारा, शिसं, डीडीटीसारखी जुनी कीटकनाशकं मातीच्या कणांना चिकटून बसतात, दीड-दोन मीटरच्या खाली सहसा जात नाहीत. ती खणून नेता येतात, किंवा वर चिकणमातीचं जाड झाकण घालून पाऊस अडवता येतो.

भोपाळची खरी डोकेदुखी आहे ती क्लोरीनवाल्या द्रावणांची. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझिन. ही पाण्यापेक्षा जड. पेट्रोल सांडलं तर भूजलावर तरंगतं, सापडतं, उपसता येतं. हे द्रव पाण्याच्या पातळीशी थांबत नाहीत, आणखी खाली जातात, चिकणमातीचा थर लागला की त्याच्या उतारावरून सरकतात, भेग मिळाली की पुन्हा खाली. पाणी ज्या दिशेला वाहतं त्याच दिशेला हे जातील असंही नाही. आणि पाण्यात विरघळतात अगदी थोडे थोडे, त्यामुळे एक छोटं डबकं खाली अडकून पडलं तर ते पन्नास वर्षं विहिरींना पुरतं. पंपाने उपसून पाणी शुद्ध करत राहणं म्हणजे तुपाचा डबा गार पाण्याने विसळत बसणं. प्रत्येक पाणी थोडं तुपकट निघतं, डबा काही स्वच्छ होत नाही. म्हणून मग जमीन तापवून वाफ ओढून घेणं, जमिनीत लोखंडाचा कीस भरलेली भिंत घालून त्यातून पाणी जाऊ देणं (लोखंड त्या रेणूचं क्लोरीन काढून घेतं), किंवा सगळी जागा खोल भिंतीने वेढून टाकणं असे उपाय करतात. यातला एकही स्वस्त नाही आणि एकही दोन-चार वर्षांत संपत नाही.

म्हणजे ११ लाख टन या आकड्याकडेही जपून बघा. माती टनांत मोजता येते. भूजलातलं विष त्या आकड्यात येत नाही.

माळवेकर | १२ ऑगस्ट २०२५

_/\_ वाचनखूण साठवली. एक शंका. वरची माती काढली आणि खाली द्रव तसाच राहिला तर निदान नवीन भर तरी पडणार नाही ना? म्हणजे अर्धं काम तरी?

भूजलवाला | १२ ऑगस्ट २०२५

हो, आणि ते करावंच. स्रोत काढणं पहिलं. तळ्यांचंच बघा: १९९० च्या दशकात दोन तळ्यांतला गाळ तिसऱ्यात लोटून वर माती टाकून दिली. बघायला सपाट मैदान झालं. पण स्रोत तिथेच, आणि दर पावसाळ्यात पाणी त्यातून झिरपतं. १९८४ पासून आजवर चाळीस पावसाळे गेले, भोपाळला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उशीर केला की स्वच्छतेचा खर्च वाढतो तो असा. १९९० मध्ये जे काही हजार टन माती खणून भागलं असतं त्याला आता खोल जाऊन शोधावं लागतंय.

न्यूजर्सीकर | १३ ऑगस्ट २०२५

मी राहतो त्या राज्यात अमेरिकेतल्या सर्वांत जास्त सुपरफंड जागा (साफ करायच्या विषारी जागांच्या सरकारी यादीतल्या) आहेत, शंभराच्या वर. घर घेताना एजंट शाळेचं रेटिंग सांगतो आणि आम्ही देसी लोक नकाशावर जवळची सुपरफंड जागा शोधतो.

सुपरफंडची गोष्ट लव्ह कॅनॉलपासून सुरू होते. नायगाराजवळ एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ सुमारे २१ हजार टन रसायनं एका जुन्या कालव्यात पुरली, वर माती घातली आणि जमीन शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. वर शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तळघरांमध्ये रसायन वर यायला लागलं, तिथल्या आयांनी रान उठवलं, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि १९८० मध्ये कायदा आला.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. लव्ह कॅनॉलचा माल आजही तिथंच आहे! वर चाळीस एकरांचं झाकण, भोवती कुंपण, खाली नाल्या, झिरपलेलं पाणी उपसून शुद्ध करतात. २००४ मध्ये यादीतून नाव काढलं, पण पंप चालूच. त्यामुळे 'भोपाळची सगळी माती उचला' हे जे आपण म्हणतो ते जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जागेवरही झालेलं नाही. तिथं फरक एवढाच की पंप कोण चालवणार आणि बिल कोण भरणार हे कागदावर ठरलेलं आहे.

रेवाकाठ | १३ ऑगस्ट २०२५

एवढाच? अहो, तोच तर सगळा फरक. भोपाळमध्ये भारतीय कंपनी १९९४ ला विकली, १९९८ ला जमीन राज्य सरकारला परत दिली, २००१ मध्ये डाऊ केमिकलने मूळ अमेरिकन कंपनी घेतली आणि म्हणाले जमीन आमची नव्हतीच. आता मालक मध्य प्रदेश सरकार. म्हणजे १२६ कोटी कुणाचे? सरूबाई काडेपेटी घेतात त्यावरच्या करातले.

संत्रानगरी | १३ ऑगस्ट २०२५

'ज्याने घाण केली त्याने निस्तरावं' हे आपल्याकडे न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. उदयपूरजवळचं बिछडी. एच-आम्ल (रंगांसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला, साठेक विहिरींचं पाणी काळं-तपकिरी झालं. कारखाने बंद झाले, गाळ राहिला. न्यायालयाने कंपनीवर ३७.३८५ कोटींचा खर्च बसवला. कंपनीने अर्जांवर अर्ज केले. २०११ मध्ये न्यायालय वैतागलं आणि चक्रवाढ व्याजासकट भरा म्हणालं. पंधरा वर्षं त्यात गेली. विहिरींना व्याज मिळत नाही.

तिरकस | १३ ऑगस्ट २०२५

विनोद बाजूला ठेवून एक लिहितो. गिरणगावात जन्मलो. गिरण्यांच्या जमिनीवरून आम्ही किती भांडलो! एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरं, एक तृतीयांश मालकाला, विकास नियमावलीतला १९९१ चा नियम ५८, मग २००१ ची दुरुस्ती, मग कोर्ट. चौरस फुटांचा हिशोब पोरांनाही पाठ होता. पण त्या जमिनीत काय आहे याची चर्चा मी तरी चाळीत, सभेत, पेपरात कुठं ऐकली नाही. शंभर वर्षं तिथं रंगखाती चालली, फर्नेस ऑइलच्या टाक्या होत्या, बॉयलरच्या नळ्यांना अॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं होतं. आमचे वडील ते हाताने सोलायचे.

घरशोध्या | १४ ऑगस्ट २०२५

अवांतर होईल कदाचित, पण वरचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला म्हणून विचारतो. ठाण्यात एका मोठ्या प्रकल्पात फ्लॅट बघतोय. त्या जागी आधी रंगद्रव्यं बनवणारी कंपनी होती, पंचवीसेक वर्षं. बिल्डरच्या सेल्सवाल्याला विचारलं तर त्याने लगेच 'सॉइल रिपोर्ट' दाखवला, जाडजूड, शिक्के वगैरे. सगळं ओके आहे म्हणाला. मग काळजीचं कारण नाही ना?

भूजलवाला | १४ ऑगस्ट २०२५

अवांतर अजिबात नाही. त्या रिपोर्टमध्ये 'एन व्हॅल्यू', 'सेफ बेअरिंग कपॅसिटी', 'पाइल' असे शब्द आहेत का बघा.

घरशोध्या | १४ ऑगस्ट २०२५

फोटो काढला होता. हो, पानभर एन व्हॅल्यूच आहेत. आणि मुरूम किती मीटरला, कडक खडक किती मीटरला.

भूजलवाला | १५ ऑगस्ट २०२५

मग तो पाया घालण्यासाठीचा अहवाल आहे. इमारत खचणार नाही एवढंच तो सांगतो. मातीत काय मिसळलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. नाव सारखं असल्यामुळे बहुतेक गिऱ्हाइकं इथंच गप्प होतात.

तुम्ही काय विचाराल? कंपनी नक्की काय बनवायची हे आधी शोधा. रंगद्रव्यं म्हणजे काही ठिकाणी क्रोमियम, शिसं, काही ठिकाणी अॅनिलीन, नायट्रोबेंझिन, क्लोरोबेंझिन. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप असेल तर साचलेलं पाणी पिवळं दिसतं. तमिळनाडूत राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्यामागे दीड लाख टनांहून अधिक गाळाचा डोंगर आहे, पावसाळ्यात तिथलं पाणी लिंबाच्या सरबताच्या रंगाचं होतं. तसं काही शेजारच्या जुन्या रहिवाशांनी पाहिलं असेल तर त्यांना आठवत असतं. वॉचमन, जुने कामगार, चहाची टपरी. त्यांना विचारा, ड्रम कुठे ठेवायचे, सांडपाण्याचा खड्डा कुठे होता, टाक्या जमिनीखाली होत्या का.

तुमच्या बिल्डिंगला तळघर पार्किंग असेल तर खरं तर बरं, कारण आठ-दहा मीटर माती निघून गेली. पण मग ती गेली कुठे? पुढच्या कुठल्यातरी भरावात, एखाद्या गावच्या तळ्यात. हे तुम्ही बिल्डरला विचाराल तेव्हा त्याचा चेहरा बघा.

पर्यावरणीय मातीचाचणी झाली असेलच, तर नमुने कुठल्या खोलीवरून घेतले ते बघा. नुसते वरच्या एक फुटाचे असतील तर निरर्थक. वरचा एक फूट बऱ्याचदा बाहेरून आणलेला भराव असतो, त्यात काय सापडणार. आणि 'मिश्र नमुना' हा शब्द दिसला तर सावध. दहा ठिकाणची माती एका घमेल्यात कालवून एक बरणी प्रयोगशाळेत पाठवतात. एका जागी जहाल आणि नऊ जागी काही नाही, तर सरासरी नियमात बसते. उडून जाणारी द्रावणं तर त्या कालवण्यातच निम्मी हवेत जातात. त्यांचा नमुना लगेच घट्ट काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीत ठेवायचा असतो. आमच्याकडे एकदा एका मोठ्या जागेचे नमुने एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकच्या पिशव्यांत आले होते, रिक्षाने. निकाल अर्थातच स्वच्छ निघाला.

घरशोध्या | १५ ऑगस्ट २०२५

बाप रे. पण कायदा काही नाही का? बिल्डरने हे करायलाच पाहिजे असं?

संत्रानगरी | १५ ऑगस्ट २०२५

ताजी खबर: केंद्राने २४ जुलै २०२५ ला दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने संशयित जागांची यादी द्यायची, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग पुढची सविस्तर तपासणी, मग जबाबदार कोण ते ठरवून त्याच्याकडून खर्च वसूल. खाणी, किरणोत्सर्गी कचरा, समुद्रातली तेलगळती, शहरी कचऱ्याचे ढीग यात नाहीत. आजवर एवढं सलग काही नव्हतंच, हे मान्य. पण सुरुवात 'स्थानिक संस्थेने कळवायचं' इथून आहे. ज्या महापालिकेला त्या जमिनीवर टॉवर हवेत तीच कळवणार की जमीन खराब आहे.

न्यूजर्सीकर | १५ ऑगस्ट २०२५

आमच्याकडे मातीत अमुक इतकं शिसं चालेल, शाळेसाठी एवढं, गोदामासाठी एवढं अशी कोष्टकं आहेत. लंडनला २०१२ च्या ऑलिंपिकसाठी जुन्या औद्योगिक जागेवर माती धुण्याचे कारखानेच उभारले होते, 'मातीचं इस्पितळ' म्हणायचे त्यांना. धुऊन बरीचशी माती तिथंच वापरली. आपल्याकडे आकडा ठरवणं हाच वादाचा विषय होतो ना?

भूजलवाला | १६ ऑगस्ट २०२५

कोडईकनाल हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथला हिंदुस्तान युनिलिव्हरचा (ब्रिटिश-डच युनिलिव्हरची इथली कंपनी) थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला, पाऱ्याने माखलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडल्यावर. २००३ मध्ये जवळपास २९० टन माल जहाजाने अमेरिकेला परत पाठवला गेला, हे कौतुकाचं. पण आवारातल्या मातीसाठी किलोमागे २० मिलिग्रॅम पारा चालेल असं ठरलं आणि तिथे ठिणगी पडली. लोक म्हणाले, ही निवासी जागेची मर्यादा झाली, खाली पाणलोट आहे, जंगल आहे, ब्रिटनमध्ये असतं तर एवढी सूट दिली असती का? कंपनी म्हणाली, फार खोल खणलं तर उतारावरची झाडं आणि मातीच वाहून जाईल. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. वर्षानुवर्षं वाद चालला.

'किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ' हे आधी ठरवावं लागतं आणि ते जागेच्या पुढच्या वापरावर अवलंबून असतं. भोपाळच्या आवारात स्मारक करायचं असेल तर एक आकडा, शाळा करायची असेल तर दुसरा. माझं मत विचाराल तर भोपाळला आधी भूजल, मग तळी, मग आवार. सध्या सगळे आवाराच्या स्मारकाबद्दल बोलतात कारण तिथे कोनशिला बसवता येते.

राऊ पीथमपूर | १६ ऑगस्ट २०२५

भूजलवाला काका, तुम्ही सांगितलं म्हणून परवा तारपुऱ्यात आमच्या एका हेल्परच्या घरी गेलो. बोअरवेल आहे, ऐंशी फूट. गेली दोन वर्षं वापरत नाहीत, टँकर येतो. लँडफिलच्या आधीचे निकाल कुणाकडेच नाहीत. ग्रामस्थांनी स्वतः तपासणी करायची तर काय काय तपासायचं? सगळंच तपासायला गेलं तर गावाची वर्गणी पुरणार नाही.

भूजलवाला | १७ ऑगस्ट २०२५

सगळं तपासू नका. पाण्यात एकूण क्षार, क्लोराइड आणि सल्फेट हे स्वस्तात होतं आणि लँडफिलचा झिरपा आला तर तेच सर्वांत आधी वाढतं. ते दर तीन महिन्यांनी करा, त्याच बोअरचं, त्याच पद्धतीने, तारीख टाकून. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पारा, शिसं, निकेल. एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा घ्या, इंदुरात मिळेल. नमुना घेताना बोअर दहा मिनिटं चालू द्या, नळीतलं साचलेलं पाणी भरू नका. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा, धातूंच्या बाटलीत त्यांनी आम्ल घातलेलं असतं, ते ओतून देऊ नका. बरेच लोक 'आत काहीतरी आहे' म्हणून विसळून टाकतात.

आणि लँडफिल भरायला सुरुवात व्हायच्या आत पहिला नमुना घ्या. या आठवड्यात.

राऊ पीथमपूर | १७ ऑगस्ट २०२५

शनिवारी जातो. माळवेकर भिया, येताय का? तुमची गाडी लागेल, बर्फाची पेटी बाइकवर नाही राहत.

माळवेकर | १७ ऑगस्ट २०२५

येतो. राऊ गावच्या बायपासवर सकाळी आठला भेट. पेटी माझ्याकडे आहे, गणपतीच्या आइस्क्रीमसाठी आणलेली.